हिवाळ्यात घर उबदार ठेवायचं आहे, पण बिल परवडायला हवं: हीटरच्या आधी काय करावं?

प्रश्न असा आहे: निफाड तालुक्यात दुमजली घर आहे, वर उघडा स्लॅब आणि गच्ची. आई-वडील दोघंही सत्तरीच्या पुढचे, वरच्या खोलीत झोपतात. रात्री दहाला खोली बरी असते, पण पहाटे तीन-चारनंतर इतका गारठा पडतो की दोघांची झोप मोडते. तेलाचा हीटर घ्यावा असं वाटतं, पण बिलाची धास्ती आहे. कमी खर्चात काय करता येईल?

हीटर घ्यायला माझी ना नाही, पण तो यादीत शेवटी ठेवा. खोली आहे तशी ठेवून हीटर लावलात, तर विकत घेतलेली ऊब स्लॅबमधून आणि दारा-खिडक्यांच्या फटींतून रात्रभर बाहेर जात राहील. आधी तिच्या बाहेर जायच्या वाटा बुजवायच्या, मग आई-वडिलांचं अंथरूण गरम करायचं, आणि एवढं करून जे कमी पडेल तेवढ्यापुरता हीटर. नाशिक जिल्ह्यात घरं बांधायचं आणि जुनी घरं दुरुस्त करायचं काम मी बरीच वर्षं करतोय. या क्रमाने गेलेल्या घरांत हीटरची गरज एक तर उरत नाही, किंवा सकाळ-संध्याकाळच्या तास-दोन तासांपुरती उरते.

निफाडची थंडी कमी लेखू नका. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात डिसेंबर 2018 मध्ये पारा 2 अंशांच्याही खाली गेला होता. त्याच आठवड्यात नागपूरला 3.5 अंश नोंदले गेले. पण आपल्या थंडीचा एक मोठा गुण आहे. पहाटे 6 ते 8 अंश असलेल्या दिवशीही दुपारी 25-27 अंश असतात आणि लख्ख ऊन पडतं. म्हणजे दिवसाची सात-आठ तासांची ऊब फुकट मिळते, फक्त ती पहाटेपर्यंत टिकत नाही. परदेशात राहणारी मुलं सुट्टीत आली की म्हणतात, तिकडे बाहेर बर्फ असतो तरी घरात एवढी थंडी वाजत नाही. ते खरंच आहे. तिकडची घरं ऊब धरून ठेवायला बांधलेली असतात आणि आपली घरं उन्हाळ्यात वारा खेळावा म्हणून. उघड्या जाळ्या, व्हेंटिलेटर, दाराखाली फट, पातळ भिंती, या सगळ्याचा त्रास वर्षाचे दोन महिने होतो.

आता खोली पहाटेच का गारठते, ते बघू. तुमच्याकडे द्राक्षबागा असतील तर हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला, की त्या रात्री बागायतदार शेकोट्या पेटवून धूर करतात, पहाटे ठिबक चालू करतात, कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा गरम असतं. उघड्या आभाळाखाली जे जे काही असतं, ते रात्रभर आपली उष्णता आभाळाकडे सोडत असतं. ढग असले तर त्यातली बरीचशी परत येते, निरभ्र रात्री येत नाही. तुमचा स्लॅब हेच करतो. दिवसभर उन्हात तापतो, संध्याकाळी सात-आठला त्याची ऊब खाली खोलीत उतरते, म्हणून झोपताना बरं वाटतं. मध्यरात्रीपर्यंत तो साठा संपतो. तीन-चारला तोच स्लॅब थंड होऊन डोक्यावर बसलेला असतो, आणि तो नुसती हवा गार करत नाही, खाली झोपलेल्या माणसाच्या अंगातली उष्णताही ओढून घेतो. खोलीतली हवा हीटरने 20 अंशांवर नेली आणि छत 13 अंशांवर राहिलं, तरी डोक्याला आणि खांद्याला गारच लागतं. हीटर लावूनही थंडी जात नाही अशी तक्रार मला दर हिवाळ्यात ऐकू येते, आणि तिथे बहुतेक वेळा वर उघडा स्लॅबच असतो.

थोडा हिशोब करू. खोली 10 बाय 12 फूट, उंची 10 फूट, दोन भिंती बाहेरच्या बाजूला, नऊ इंची वीटकाम, 4 बाय 4 फुटांची एक काचेची खिडकी. बाहेर 8 अंश आहेत आणि आत 18 ठेवायचे आहेत. 18 हा आकडा मी मनाने घेतलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 साली घर आणि आरोग्याबद्दल जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यात थंडीच्या दिवसांत घरातलं तापमान किमान एवढं असावं असं म्हटलं आहे, आणि वयस्कर माणसांसाठी त्याहून थोडं जास्त. तर या 10 अंशांच्या फरकाला स्लॅबमधून साधारण 370 वॅट जातात, दोन भिंतींतून 400, खिडकीच्या काचेतून 85. राहिली फटींतून येणारी गार हवा. खोलीतली सगळी हवा तासाला एकदा बदलली तर 110 वॅट जातात. सैल सरकत्या खिडक्या, दाराखाली फट आणि उघडा व्हेंटिलेटर असलेल्या खोलीत ती तासाला तीनदा सहज बदलते. म्हणजे 330 वॅट. सगळी बेरीज 1200 वॅटच्या आसपास. दोन माणसं झोपेत मिळून दीडशे वॅट उष्णता देतात, तेवढे वजा करा. हजार वॅट तासभर चालले की एक युनिट, म्हणजे उरलेलं हीटरने भरायचं म्हटलं तर आठ तासांत साडेआठ युनिट, महिन्याला अडीचशेच्या वर. तुमच्या भिंती साडेचार इंची असतील तर आणखी जास्त.

आणि हे युनिट नेहमीच्या दराने पडत नाहीत. महावितरणचा घरगुती दर 100, 300 आणि 500 युनिटच्या टप्प्यांनी चढतो. हीटरचे युनिट तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर बसतात, म्हणून त्यांना वरच्या टप्प्याचा दर लागतो. हीटरचा खर्च काढताना बिलाची सरासरी धरू नका. बिलावर शेवटच्या टप्प्याचा जो दर छापलेला असतो तो धरा, त्यात वहन आकार आणि वीज शुल्क मिळवा.

पहिला उपाय बिनपैशांचा आहे. दोन महिने आई-वडिलांना खाली झोपवा. तळमजल्यावरच्या खोलीला वर दुसरी खोली असते, उघडा स्लॅब नसतो, म्हणजे ते 370 वॅट जवळजवळ पूर्ण वाचतात. शक्यतो दक्षिणेची किंवा पश्चिमेची खोली निवडा, जिथे दुपारचं ऊन येतं, आणि तिची एक भिंत स्वयंपाकघराला लागून असली तर उत्तम. जुन्या वाड्यांत वयस्कर माणसं हिवाळ्यात माजघरात झोपत, कारण त्या खोलीला एकही भिंत उघड्यावर नसे, आणि वर धान्याने भरलेला माळा असे. वरच्या खोलीत स्वतंत्र संडास-बाथरूम आहे म्हणून हलायचं नसेल, किंवा वडिलांना स्वतःची खोली सोडायची नसेल, तर ते मी समजू शकतो. मग पुढचं सगळं त्या खोलीत करा. पण आधी विचारून बघा. नाहीतरी वयस्कर माणसांनी गारठ्यात पहाटे जिने चढ-उतार करणं बरं नाही.

दुसरं काम फटींचं. त्या शोधायला उदबत्ती लागते, दुसरं काही नाही. रात्री वारा असेल तेव्हा खोलीतला पंखा बंद करा, दार-खिडक्या नेहमीसारख्या लावा, उदबत्ती पेटवा आणि धूर सरळ वर जातोय हे आधी खोलीच्या मध्यभागी बघून घ्या. मग ती खिडकीच्या चौकटीजवळून हळूहळू फिरवा. सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडकीत दोन जागा हमखास सापडतात: दोन शटर एकमेकांवर येतात तो उभा पट्टा, आणि खालच्या पट्टीतली चाकाजवळची जागा. तिथे धूर आडवा होऊन खोलीत ढकलला जातो. शटरच्या कडेला केसाळ ब्रशची पट्टी असते, ती दहा-बारा वर्षांत झिजून चपटी होते. ॲल्युमिनियमचं काम करणारा कारागीर ती फुटाच्या भावाने बदलून देतो, आणि पूर्ण खिडकी बदलण्याच्या मानाने हा खर्च काहीच नाही. चौकट आणि भिंत यांच्यामधली भेग सिलिकॉनने भरा. मात्र खालच्या पट्टीतली पाणी जायची भोकं बुजवू नका, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत येईल.

दाराकडे लोक लक्ष देत नाहीत. तीन फुटी दाराखाली अर्ध्या इंचाची फट म्हणजे 18 चौरस इंच, म्हणजे भिंतीत तळहाताएवढं भगदाडच म्हणा. दाराच्या खालच्या कडेला स्क्रूने बसणारी रबराची किंवा ब्रशची पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मिळते. तोवर जुन्या साडीची वळी करून लावली तरी चालते, फक्त वयस्कर माणूस रात्री उठला की त्यात पाय अडकणार नाही हे बघा. बाथरूमच्या आडव्या काचपट्ट्यांच्या व्हेंटिलेटरमधून येणारी हवा बाथरूमचं दार नीट लागत असेल तर तिथेच अडते, म्हणून पट्टी त्या दारालाही लावा. एक्झॉस्ट फॅनच्या भोकाला बाहेरून आपोआप मिटणारी झडप बसवा. जुन्या एसीच्या पाइपसाठी पाडलेलं भोक तसंच राहिलेलं असतं, ते सिमेंटने भरा. हे सगळं एका सुट्टीच्या दिवसात होतं आणि हवेचं बदलणं तासाला एकदाच्या आसपास येतं. तेवढ्यावर थांबा. खोली हवाबंद करायची नाही, दोन माणसांना रात्रभर ताजी हवा लागते.

आता उन्हाबद्दल. नाशिकच्या अक्षांशावर डिसेंबरच्या शेवटी सूर्य दुपारीही क्षितिजापासून 46-47 अंशांवरच असतो, म्हणून दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खोलवर येतं. चार बाय चारची दक्षिणेची खिडकी, छज्जाची सावली धरूनही, दिवसाला दोन-तीन युनिटांएवढी ऊब आत टाकते. आणि हीच खिडकी कित्येक घरांत वास्तूच्या नावाखाली कपाट लावून बंद केलेली असते. कृपा करून ती मोकळी करा. सकाळी नऊ-साडेनऊला पडदे सरकवा, काच बंदच ठेवा, ऊन जिथे पडतं तिथली सतरंजी गुंडाळून फरशी उघडी करा म्हणजे ती तापेल. साडेपाचच्या आत, ऊन जायच्या आधी, पडदे लावा. पडदा जाड हवा, खिडकीच्या दोन्ही बाजूंना अर्धा फूट जास्त आणि खाली जमिनीपर्यंत. खिडकीपुरताच कापलेला पडदा असला की काचेजवळची हवा गार होऊन खालून खोलीत पसरत राहते. उत्तरेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन येतच नाही, तिच्या काचेला आतून पाण्याचा फवारा मारून बबल रॅप चिकटवा. काचेतून जाणारी उष्णता जवळपास निम्मी होते, आणि होळीला तो काढून ठेवता येतो. कपड्यांनी भरलेलं लाकडी कपाट उत्तरेच्या भिंतीशी ठेवा, मागे दोन बोटं जागा सोडून.

भिंतीला ओल असेल तर तिचा बंदोबस्त आधी करा. भिजलेली वीट कोरड्या विटेपेक्षा खूप जास्त उष्णता बाहेर जाऊ देते, आणि ओल सुकताना खोलीतली ऊब शोषून घेते. पावसाळ्यात गळलेली भिंत डिसेंबरमध्येही आतून ओली असू शकते. त्यावर कितीही चांगला रंग मारला तरी फरक पडत नाही.

तिसरा भाग अंथरुणाचा, आणि आई-वडिलांना सगळ्यात लवकर आराम यानेच मिळेल. लोक पांघरुणांवर पांघरुणं चढवतात पण गादीखाली बघत नाहीत. गार जमिनीकडून आणि लोखंडी पलंगाच्या पत्र्याकडून उष्णता खालच्या बाजूने जाते. कापसाची गादी बसून दगडासारखी झाली असेल तर पिंजून घ्या, कारण ऊब कापसात नसते, कापसात अडकलेल्या हवेत असते आणि दबलेल्या गादीत ती हवाच राहत नाही. आठवड्यातून दोनदा गादी-गोधड्या दुपारच्या उन्हात टाका आणि चारच्या आत उचला, दव पडेपर्यंत ठेवू नका. गादीवर एक घोंगडी, तिच्यावर चादर, हे दोन चादरी आणि वर जाड रजई यापेक्षा जास्त उपयोगी आहे. पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर आत ओढा. डोक्याला कानटोपी आणि पायांत मोजे घालूनच झोपायला सांगा.

बिजलीवर चालणारी गादीवरची चादर, म्हणजे इलेक्ट्रिक ब्लँकेट, साधारण 60 ते 150 वॅटची असते. झोपायच्या आधी तासभर चालू ठेवायची आणि अंथरुणात शिरल्यावर बंद करायची किंवा सगळ्यात कमीवर आणायची. रात्रभर 100 वॅट चालवली तरी 0.8 युनिट, म्हणजे महिन्याला 24. हीटरचे अडीचशे आणि हे 24, फरक तुम्हीच बघा. आयएसआय मार्क बघून घ्या, घडी करून चालू ठेवू नका, तिच्यावर पाणी सांडू देऊ नका. एक इशारा मात्र मनावर घ्या. वडिलांना किंवा आईला मधुमेह असेल आणि पायांची संवेदना कमी झाली असेल, तर गरम पाण्याची रबरी पिशवी आणि अशी चादर दोन्ही जपून. पाय भाजला तरी त्यांना कळत नाही, आणि ती जखम महिनोन्महिने भरत नाही. अशा माणसासाठी पिशवीने अंथरूण आधी गरम करायचं आणि झोपताना ती काढून घ्यायची.

आता स्लॅब. तुमच्या घराचं मूळ दुखणं इथेच आहे आणि खर्चही इथेच आहे, म्हणून यावर जरा सविस्तर लिहितो. पाच इंची काँक्रीट उष्णतेला फारसं अडवत नाही. त्याला थर्मोकोलची गोधडी घातली की गणित पालटतं. एक इंच चांगल्या घनतेचा थर्मोकोल छताला लावला तर त्या खोलीतल्या 370 वॅटचे 110 होतात. दोन इंच लावला तर 65. म्हणजे पहिल्या इंचात बहुतेक काम होतं, दुसऱ्या इंचात त्यामानाने थोडं. पैसे बेताचे असतील तर एक इंचावर थांबायला काहीच हरकत नाही, आणि सगळ्या घराऐवजी फक्त झोपायच्या खोलीचं छत केलं तरी चालेल.

हे आतून करावं की वरून? आतून करायचं म्हणजे स्लॅबला थर्मोकोल चिकटवून खाली जिप्सम बोर्डाचं फॉल्स सीलिंग. काम दोन दिवसांत होतं, गच्चीला हात लावावा लागत नाही आणि खोली हीटरने पटकन तापते. पण थर्मोकोल उघडा ठेवायचा नाही, कधीही नाही. तो पेट घेतो आणि जळताना विषारी धूर सोडतो. आग लवकर न धरणाऱ्या प्रतीचाच घ्या, खालून जिप्सम बोर्डाने पूर्ण झाका, वायरी पाइपमधूनच न्या, आणि गरम होणारे दिवे त्याला टेकतील असे बसवू नका. वरून करायचं म्हणजे गच्चीवर आधी वॉटरप्रूफिंग, त्यावर एक्सपीएसचे, म्हणजे थर्मोकोलच्याच जातीच्या पण घट्ट आणि दाबाला टिकणाऱ्या फोमचे, तक्ते, त्यावर कोबा आणि उताराला धरून चायना मोझॅक. याला खर्च जास्त, पण काँक्रीटचा सगळा जड साठा घराच्या आतल्या बाजूला राहतो. दिवसभर खोलीत आलेली ऊब तो पहाटेपर्यंत हळूहळू परत देतो. गच्चीचं वॉटरप्रूफिंग नाहीतरी करायचंच असेल तर वरूनच करा, दोन्ही कामं एकाच मजुरीत होतात. दोन्हीकडे एक फायदा सारखाच: एप्रिल-मे महिन्यात 40 अंशांत हीच खोली राहण्याजोगी होते. दोन महिन्यांच्या थंडीसाठी एवढा खर्च कशाला, असं वाटत असेल तर उन्हाळ्याचे तीन महिने त्यात धरा.

जुन्या लोकांना हे पक्कं ठाऊक होतं. खानदेशातली धाब्याची घरं आणि सोलापूर-मराठवाड्यातली माळवदं, त्यांच्या छतावर पांढऱ्या मातीचा फूटभर थर असायचा. दुपारचं ऊन त्यातून उतरायला रात्र होई. त्या घरात राहिलेल्या कुणालाही विचारा. आज कुणी माळवद बांधा असं मी म्हणत नाही, पावसाळ्यात दरवर्षी माती टाकायला माणसं कुठून आणणार? पण नवीन खोली बांधायची असेल तर बाहेरच्या भिंतींना सिपोरेक्सचे म्हणजे हलक्या एएसी ब्लॉकचे सहा इंच घ्या. ते उष्णता अडवण्यात नऊ इंची विटेच्या भिंतीपेक्षा दुप्पट सरस आहेत.

पडवीला किंवा शेतातल्या घराला पत्रा असेल तर तिथे वेगळीच गंमत होते. निरभ्र रात्री पत्रा बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होतो, आणि आत झोपलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ त्याच्यावर जमून पहाटे थेंब पडतात. लोक म्हणतात पत्रा गळतो, आणि भोकं शोधत बसतात. तो पत्र्याचा घाम आहे. पत्र्याखाली चार-सहा इंच जागा सोडून छत करा. सिमेंट शीटचं करा किंवा जिप्समचं, ऐपत नसेल तर बांबूच्या तट्ट्यांचं, पण मध्ये हवेचा थर राहू द्या आणि तट्ट्यांखाली चूल किंवा शेगडी पेटवू नका. पत्र्यावर पाचट आणि कडबा टाकायची पद्धत मला पसंत नाही; ठिणगी पडली तर घर जातं, आणि सापा-विंचवांना आसरा होतो.

शेगडीबद्दल आता हात जोडून सांगतो. बंद खोलीत कोळशाची शेगडी, घमेल्यातले निखारे किंवा स्वयंपाकाचा गॅस ऊब म्हणून रात्री पेटता ठेवू नका. दर हिवाळ्यात अख्खी कुटुंबं यात झोपेतच जातात. कोळसा लाल झाला, धूर थांबला, आता धोका नाही, असा समज सगळीकडे आहे. खरं तर धूर थांबल्यावरही निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. डोकं जड होतं, गुंगी येते आणि माणूस उठतच नाही. खिडकी बोटभर उघडी ठेवली म्हणजे झालं, असंही नाही. गॅस गीझरचंही तेच. तो बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेतच हवा. तुम्ही फटी बुजवणार आहात म्हणून तर हे आणखीच महत्त्वाचं. शेकोटी घ्यायची असेल तर अंगणात घ्या. तांब्याचा बंब असेल तर तो परसात पेटवा, पाणी गरम करून आत न्या.

इतकं सगळं झाल्यावर तीच खोली पुन्हा मोजा. स्लॅबचे 110, भिंतींचे 400, खिडकीचे 50, हवेचे 110, एकूण 670. दोघांचे दीडशे वजा केले की साधारण 520 वॅट. आधीच्या निम्मे. आणि अंथरूण गरम असल्यावर रात्री दोन-तीनला हीटर लागतही नाही. मग तो रात्री नऊ ते साडेदहा आणि पहाटे साडेचार ते सात एवढाच, चार तास. सॉकेटला लावायचा टायमर मिळतो. पहाटेचा हा वेळ चुकवू नका, कारण सूर्य उगवायच्या आधी पारा सगळ्यात खाली असतो आणि वयस्कर माणसं नेमकी तेव्हाच पांघरुणातून एकदम उठून बाथरूमला जातात. रक्तदाब असलेल्यांना तो धक्का बाधतो.

कोणता हीटर? तेलाचा असो, ब्लोअर असो की लाल दांड्याचा, एका युनिटातून तिन्ही सारखीच उष्णता देतात. जास्त कार्यक्षम म्हणून महागडा विकणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. फरक फक्त ती कशी मिळते याचा आहे. झोपायच्या खोलीत तेलाचाच घ्या, कारण त्याची कुठलीही कड लाल होत नाही, आवाज नाही आणि बंद केल्यावरही तो अर्धा तास गरम राहतो. ब्लोअर बाथरूमच्या बाहेर, आंघोळीआधी दहा मिनिटं. लाल दांड्याचा हीटर रजई-गोधडीच्या जवळ मला नकोच वाटतो. तेलाच्या हीटरवर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत.

या उन्हाळ्यात एसी घ्यायचा तुमचा विचार असेल तर मात्र थांबा आणि 'हॉट अँड कोल्ड' इन्व्हर्टर एसी बघा. तो उष्णता तयार करत नाही, बाहेरच्या हवेतली आत आणतो, म्हणून एका युनिटात हीटरच्या जवळपास तिप्पट ऊब मिळते. निफाडच्या 6-8 अंशांतही तो व्यवस्थित चालतो. फक्त थंडीसाठी एवढा महाग एसी घ्यावा असं मी म्हणणार नाही.

हीटर आणण्याआधी वायरमनला बोलवा. 2000 वॅटचा हीटर जवळपास 9 ॲम्पिअर ओढतो. तो टीव्ही-मोबाइलच्या 6 ॲम्पिअरच्या पॉइंटला किंवा एक्स्टेन्शन बोर्डाला लावला की प्लग वितळतो, वायर भिंतीत तापते. 16 ॲम्पिअरचा स्वतंत्र पॉइंट, किमान अडीच स्क्वेअर मिलिमीटरची तांब्याची वायर, चांगली अर्थिंग आणि गळती पकडणारा आरसीसीबी, एवढं आधी. गावाकडच्या जुन्या घरांत अर्थिंगची तार असते पण जमिनीतला खड्डा कोरडा पडलेला असतो, तोही तपासून घ्या.

बाजारातून एक साधा डिजिटल थर्मामीटर आणा आणि उशीच्या उंचीला ठेवा. तीन रात्री झोपताना आणि पहाटे पाचला किती अंश ते लिहून ठेवा. मग फटी बुजवा, पडदे लावा, अंथरूण नीट करा आणि पुन्हा तीन रात्री लिहा. पहाटेचा आकडा 16-17 च्या वर आला आणि आई-वडील सलग झोपले, तर हीटरचे पैसे स्लॅबसाठी राखून ठेवा. नाही आला तर 1000-1200 वॅटवर चालवता येईल असा तेलाचा हीटर घ्या. तुमच्या खोलीला त्याहून जास्त लागणार नाही.

स्लॅबचं काम आत्ता ऐन थंडीत काढू नका. वरून करणार असाल तर फेब्रुवारी-मार्च बरा, ऊन असतं पण कोबा फुटण्याइतकं कडक नसतं, आणि पावसाच्या आधी पाणी भरून गळती तपासायला वेळ मिळतो. गवंड्यांकडून कोटेशन आत्ताच मागून ठेवा, थर्मोकोलची किंवा एक्सपीएसची जाडी आणि घनता त्यात लिहून घ्या. नुसतं 'इन्सुलेशनसह' असं लिहिलेलं घेऊ नका.